सॅचेल पेज : एका पिचरची कारकीर्द

बेसबॉल हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राष्ट्रीय खेळ मानला जातो. क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकाला या खेळातील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील. एक जण चेंडू फेकतो, दुसरा तो दांडूने फटकावतो आणि धावा काढतो. तथापि दोन्ही खेळांत एक मूलभूत फरक आहे. क्रिकेटमध्ये आळीपाळीने अनेक गोलंदाज चेंडू टाकतात. बेसबॉलमध्ये मात्र एकच खेळाडू, ज्याला ‘पिचर’ म्हणतात, तो डावामागून डाव चेंडू फेकत राहतो. तो थकला किंवा फटकावला गेला तरच त्याच्या जागी दुसरा येतो, आणि एकदा मैदानाबाहेर गेलेल्या पिचरला त्या सामन्यात पुन्हा खेळता येत नाही. सामन्याच्या जयापजयाची नोंददेखील संघाबरोबरच पिचरच्या नावावर होते.

पिचर एका लहानशा उंचवट्यावर उभा राहतो. तेथून फलंदाजाजवळची ‘होम प्लेट’ १८.४४ मीटर अंतरावर असते. ही प्लेट केवळ १७ इंच रुंद असते. चेंडू जमिनीवर टप्पा न घेता या प्लेटवरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीमधून गेला आणि फलंदाजाने तो मारला नाही, तर तो ‘स्ट्राइक’ ठरतो. मारण्याचा प्रयत्न चुकला तरी तो स्ट्राइकच. असे तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होतो. उलट, या मर्यादेबाहेर चार चेंडू गेले तर फलंदाजाला पहिल्या तळापर्यंत फुकट चालत जाण्याचा हक्क मिळतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू सुमारे चार दशांश सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. तेवढ्या अवधीत चेंडू मारायचा की सोडायचा हे फलंदाजाला ठरवावे लागते. त्याचा हा निर्णय चुकविणे ही पिचरची कला होय. वेग, अचूकता आणि फसवणूक ही त्या कलेची तीन अंगे आहेत.

ही तिन्ही अंगे ज्याच्या ठायी एकवटली होती असा एक पिचर म्हणजे लीरॉय रॉबर्ट पेज, ऊर्फ ‘सॅचेल’ पेज. देशातील सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, त्याने पहिला चेंडू फेकला तेव्हा त्याचे वय ४२ वर्षांचे होते. बहुतेक पिचर त्या वयापूर्वीच निवृत्त झालेले असतात. त्याला इतका विलंब का लागला, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या नियमांत सापडत नाही. ते अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात शोधावे लागते.

मोबील येथील बालपण

पेजचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरी झाला. वडील बागकाम करीत आणि आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. घरात माणसे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी होती. लहानपणीच लीरॉय रेल्वे स्थानकावर उतारूंचे सामान वाहू लागला. एका वेळी एकच पिशवी नेण्याऐवजी त्याने काठी व दोरी यांची अशी काही जोडणी केली की तीनचार पिशव्या एकदम नेता येत. इंग्रजीत अशा पिशवीला ‘सॅचेल’ म्हणतात, आणि तेच नाव त्याला पुढे जन्मभर चिकटले. त्याच्या एका बालमित्राने मात्र या नावाची वेगळीच हकीकत सांगितली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पिशवी पळविताना पकडला गेल्यामुळे त्याला हे नाव पडले.

शाळेत दांड्या मारणे आणि दुकानातून किरकोळ वस्तू उचलणे या अपराधांसाठी १९१८ साली, वयाच्या १२व्या वर्षी, त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे त्याने पाच वर्षांहून अधिक काळ काढला. शिक्षा म्हणून लाभलेली ही वर्षेच त्याच्या आयुष्याची दिशा ठरविणारी ठरली. उंच, सडपातळ बांधा, लांबच लांब हात आणि मोठे पाय अशी त्याची शरीरयष्टी होती. तेथील प्रशिक्षकाने तिचा उपयोग कसा करावा हे त्याला शिकविले. डावा पाय उंच उचलून आकाश झाकून टाकावयाचा आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत फलंदाजाला दिसू द्यायचा नाही, ही त्याची पुढे प्रसिद्धीस आलेली ढब तेथेच घडली. १९२३ च्या अखेरीस तो सुटून आला. प्रथम मोबील येथील एका हौशी संघातून आणि १९२६ मध्ये टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील व्यावसायिक संघातून तो खेळू लागला.

एका देशातील दोन बेसबॉल

चॅटनूगाचा हा संघ कृष्णवर्णीयांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही थोडे कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या संघांतून खेळले होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा १८८४ मध्ये तत्कालीन प्रमुख स्पर्धेत खेळला होता. परंतु त्या दशकाच्या अखेरीपासून संघमालकांनी आपसात एक अलिखित संकेत पाळण्यास प्रारंभ केला. कोणत्याही नियमावलीत न लिहिता कृष्णवर्णीयांना प्रमुख स्पर्धांतून वगळण्यात आले. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले, आणि दक्षिणेतील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, खाणावळी, इतकेच नव्हे तर पाणी पिण्याचे नळदेखील वेगळे झाले. ते प्रत्यक्षात समान कधीच नव्हते. बेसबॉलमध्ये तर समानतेचा देखावाही केला गेला नाही.

या बहिष्काराला उत्तर म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. रूब फॉस्टर या माजी पिचरने १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन केली. त्या काळी वापरात असलेला पण आज अपमानकारक मानला जाणारा तो शब्द त्या संस्थेच्या नावात राहून गेला आहे. पुढे अशा आणखी काही लीग निघाल्या. या संघांभोवती वृत्तपत्रे, हॉटेले आणि व्यापार यांचे एक स्वतंत्र जग उभे राहिले. १९३० नंतरच्या काळातील पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा संघ तर असामान्य होता. फलंदाज जॉश गिब्सन, चपळ धावपटू ‘कूल पापा’ बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, जूडी जॉन्सन आणि स्वतः पेज असे पाच खेळाडू त्या एकाच संघात होते. या पाचही जणांना कालांतराने बेसबॉलच्या सन्मानगृहात स्थान मिळाले.

गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या संघांची अधिकृत गाठ कधी पडत नसे. परंतु हंगाम संपल्यावर होणाऱ्या प्रदर्शनीय सामन्यांत ती पडे. १९३४ मध्ये पेजने डिझी डीन या त्या वर्षीच्या सर्वश्रेष्ठ गोऱ्या पिचरशी सामने खेळले. जो डिमाजिओ हा न्यूयॉर्क यांकीज संघात जाण्यापूर्वी, १९३६ च्या आरंभी, पेजच्या चेंडूंना सामोरा गेला, आणि आपण पाहिलेला तो सर्वांत वेगवान व सर्वोत्तम पिचर असल्याचे त्याने नंतर सांगितले. तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू कमी दर्जाचे आहेत, म्हणून त्यांना घेतले जात नाही, हा युक्तिवाद करणाऱ्यांना वस्तुस्थिती ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. ती त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती.

फिरत्या खेळाडूचे अर्थकारण

या स्वतंत्र लीगांची आर्थिक बाजू दुर्बळ होती. पुष्कळ संघांना मैदाने भाड्याने घ्यावी लागत. अधिकृत सामन्यांच्या उत्पन्नावर संघ चालविणे शक्य नसल्यामुळे संघ बसमधून गावोगाव फिरत आणि स्थानिक संघांशी सामने करीत. दिवसभर खेळावे, रात्रभर प्रवास करावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरावे, असा हा क्रम असे. अनेक गावांत कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळत नसे. मग खेळाडू बसमध्येच झोपत आणि किराणा दुकानातून मिळेल ते घेऊन तेथेच जेवत.

या व्यवसायात पेजचे नाव हीच एक मोठी मत्ता ठरली. जाहिरातीत त्याचे नाव असले की प्रेक्षक दुपटीने येत. म्हणून अनेक मालक तिकिटांच्या उत्पन्नाचा हिस्सा देऊन त्याला एकेका दिवसासाठी बोलावीत. सामान्यतः पिचरला एका सामन्यानंतर तीनचार दिवसांची विश्रांती दिली जाते. पेजला ती क्वचितच मिळे. आलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला त्याला पाहावयाचे असे. म्हणून तो प्रत्येक गावी पहिले तीन डाव चेंडू फेकी आणि पुढच्या गावी निघे. उन्हाळ्यात अमेरिका आणि हिवाळ्यात कॅलिफोर्निया किंवा कॅरिबियन बेटे, अशा रीतीने त्याचा हंगाम जवळजवळ बारमाही चाले.

करारांबाबत तो बेफिकीर असल्याचा आरोप त्याच्यावर वारंवार झाला, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. अधिक पैसे मिळाले की तो संघ सोडून जाई. १९३५ मध्ये तो उत्तर डकोटातील बिस्मार्क गावच्या, गोरे व कृष्णवर्णीय एकत्र खेळणाऱ्या संघात होता, आणि त्या संघाने विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा रफाएल त्रुहियो याच्या नावाने खेळणाऱ्या संघासाठी तो क्रॉफर्ड्सच्या अनेक सहकाऱ्यांसह तिकडे गेला. सशस्त्र सैनिकांच्या पहाऱ्यात खेळलेली ती स्पर्धा त्यांनी जिंकली खरी, परंतु इकडे क्रॉफर्ड्स संघ त्यातून सावरला नाही. पेजच्या या वर्तनाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ज्या खेळाडूला देशातील सर्वांत मोठी बाजारपेठच बंद होती, त्याला आपल्या श्रमाचे मूल्य ठरविण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता.

खेळाच्या दृष्टीने पाहता त्याचे खरे सामर्थ्य अचूकतेत होते. च्युइंगगमचा कागद जमिनीवर ठेवून त्यावरून चेंडू फेकण्याचा त्याचा सराव प्रसिद्ध होता. आपल्या वेगवेगळ्या चेंडूंना त्याने गमतीदार नावे ठेवली होती. मधमाशीसारखा गुणगुणत जाणारा एक, तर मध्यरात्री सरपटत येणारा दुसरा. त्याची एक युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. चेंडू फेकण्याच्या ऐन क्षणी, पाय पुढे टेकल्यावर, तो हात निमिषभर थांबवी. फलंदाजाचे शरीर चेंडूच्या अपेक्षेने पुढे झुके, दांडू फिरे आणि चेंडू मागाहून येई. पिचरच्या हालचालीतील लय ओळखून फलंदाज आपली वेळ साधत असतो. त्या लयीवरच हा घाव होता.

बाहू निकामी होतो

अशा अखंड श्रमांचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. बेसबॉलचा चेंडू खांद्यावरून जोराने फेकताना खांद्यातील आणि कोपरातील स्नायूंवर व अस्थिबंधांवर विलक्षण ताण पडतो. विश्रांती मिळाली नाही तर ही झीज भरून येत नाही. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळत असताना पेजच्या उजव्या खांद्यात असह्य वेदना सुरू झाल्या. हात वर उचलणेही कठीण झाले. त्या काळी अशा दुखापतीवर खात्रीचा उपचार नव्हता. वयाच्या ३२व्या वर्षी त्याची कारकीर्द संपली असेच सर्वांनी गृहीत धरले, आणि ज्या मालकांना तो सोडून गेला होता त्यांच्याकडून साहाय्य मिळण्याची आशा नव्हती.

अशा वेळी कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचा गोरा मालक जे. एल. विल्किन्सन याने त्याला आपल्या दुय्यम, फिरत्या संघात घेतले. चेंडू फेकता येवो न येवो, केवळ नाव पाहून प्रेक्षक येतील, हा त्यामागील व्यवहार होता. काही काळ पेज कधी पहिल्या तळावर उभा राहिला, तर कधी मंद चेंडू फेकून त्याने वेळ निभावली. मग हळूहळू वेदना ओसरल्या आणि १९३९ मध्ये हात पूर्ववत झाला. तथापि दुखण्याच्या काळात त्याला मंद आणि वळणाऱ्या चेंडूंची जी सवय करावी लागली, ती पुढे उपयोगी पडली. पूर्वी तो मुख्यतः वेगावर विसंबून असे. आता तो परिपूर्ण पिचर झाला. १९४२ मध्ये मोनार्क्स संघाने जॉश गिब्सनच्या होमस्टेड ग्रेज संघाला अंतिम मालिकेत सरळ हरविले, त्यात पेजचा वाटा मोठा होता.

दार उघडते, परंतु दुसऱ्यासाठी

दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिक लोकशाहीच्या नावाने लढले. त्यानंतर खेळातील बहिष्काराचे समर्थन करणे अधिकाधिक अवघड झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचा प्रमुख ब्रँच रिकी याने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केल्याचे जाहीर झाले, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये खेळला. त्याआधी १९४५ मध्ये तो मोनार्क्स संघात पेजचाच सहकारी होता. रॉबिन्सन तरुण व महाविद्यालयात शिकलेला होता. अपमान गिळून संयम राखण्याची त्याची तयारी होती. रिकीला नेमका असाच खेळाडू हवा होता. चाळिशीकडे झुकलेला, मनस्वी आणि करार मोडणारा पेज त्या चौकटीत बसत नव्हता.

पेजने जाहीरपणे रॉबिन्सनचे कौतुक केले. मात्र मनातून तो दुखावला गेला होता, आणि पुढे आत्मचरित्रात त्याने ही वेदना लपविली नाही. ज्या दारावर आपण दोन दशके धडका दिल्या ते उघडताना पहिले पाऊल दुसऱ्याने टाकावे, याचे त्याला दुःख होते. गिब्सनच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही. रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी त्याचे निधन झाले.

७ जुलै १९४८ रोजी, आपल्या ४२व्या वाढदिवशी, पेजने क्लीव्हलँड इंडियन्स संघाशी करार केला. संघाचा मालक बिल व्हेक हा गर्दी खेचण्यासाठी नाना कल्पना लढविण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्यामुळे बेसबॉलविषयक एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने हा निव्वळ तमाशा असल्याची टीका केली. या टीकेला उत्तर मैदानावर मिळाले. ऑगस्टमध्ये पेजने पहिल्या चेंडूपासून आरंभ केलेल्या तीन सामन्यांना मिळून २,०१,८२९ प्रेक्षक आले, आणि त्यांपैकी दोन सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. त्या हंगामात त्याच्या नावावर ६ विजय व १ पराजय अशी नोंद झाली. दर ९ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी २.४८ होती. क्लीव्हलँडने त्या वर्षी विश्वमालिका जिंकली. त्या मालिकेत चेंडू फेकणारा पेज हा पहिला कृष्णवर्णीय पिचर ठरला. क्षणभर हात थांबविण्याच्या त्याच्या युक्तीवर मात्र लीगच्या अध्यक्षांनी बंदी घातली.

१९५१ ते १९५३ या काळात तो सेंट लुई ब्राउन्स या दुबळ्या संघातून खेळला. १९५२ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, त्याने डेट्रॉइट संघाविरुद्ध लागोपाठ १२ डाव चेंडू फेकून एकही धाव होऊ दिली नाही आणि सामना १–० असा जिंकला.

शेवटचे चेंडू आणि निवृत्तिवेतन

२५ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी अॅथलेटिक्स संघाने त्याला एका सामन्यासाठी पाचारण केले. मालकाने प्रसिद्धीसाठी त्याला मैदानाच्या कडेला डुलत्या खुर्चीत बसविले होते आणि शेजारी परिचारिका ठेवली होती. ५९ वर्षांच्या पेजने बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन डाव चेंडू फेकले. त्यांत त्याला केवळ एकच यशस्वी फटका बसला आणि एकही धाव झाली नाही. मेजर लीगमध्ये याहून अधिक वयाचा कोणताही खेळाडू खेळलेला नाही.

परंतु या विक्रमापेक्षाही बोलकी आहे ती १९६८ मधील एक घटना. चार दशके चेंडू फेकणाऱ्या या माणसाला मेजर लीगच्या निवृत्तिवेतनासाठी १५८ दिवसांची सेवा कमी पडत होती. त्याच्या आयुष्यातील बहुतेक सेवा ‘दुसऱ्या’ बेसबॉलमध्ये झाली होती, आणि ती हिशेबात धरली जात नव्हती. अखेर अॅटलांटा ब्रेव्ह्ज संघाने त्याला कामावर घेऊन ही उणीव भरून काढली.

सन्मानाच्या बाबतीतही हेच घडले. १९६६ मध्ये टेड विल्यम्स या थोर गोऱ्या फलंदाजाने सन्मानगृहातील आपल्या प्रवेशाच्या भाषणात पेज व गिब्सन यांची नावे घेऊन, त्यांनाही येथे स्थान मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली. १९७१ मध्ये पेजची निवड झाली, तेव्हा कृष्णवर्णीय लीगमधील खेळाडूंसाठी वेगळे दालन असावे असा विचार प्रथम मांडण्यात आला. ज्या माणसाने जन्मभर वेगळेपणा सोसला त्याचा गौरवही वेगळा ठेवण्याचा हा प्रकार होता. त्यावर वृत्तपत्रांतून आणि जनतेतून इतकी टीका झाली की तो बेत सोडून द्यावा लागला, आणि पेज इतर सर्वांच्या बरोबरीने सन्मानित झाला.

८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटी येथे त्याचे निधन झाले. तीनच दिवस आधी त्या शहरातील एका मैदानाला त्याचे नाव देण्यात आले होते.

नोंदींचा प्रश्न

मेजर लीगच्या सहा हंगामांतील त्याची नोंद २८ विजय व ३१ पराजय अशी आहे. केवळ हे आकडे पाहणाऱ्याला तो एक सामान्य पिचर वाटेल. खेळात आकड्यांना इतिहासाचे प्रामाण्य लाभते, परंतु कोणते सामने मोजावयाचे हे ज्यांच्या हाती असते तेच या इतिहासाचे स्वरूप ठरवितात. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात कृष्णवर्णीय लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला. त्यायोगे सुमारे ३,४०० खेळाडूंना ही मान्यता मिळाली. मे २०२४ मध्ये त्यांच्या नोंदी अधिकृत आकडेवारीत समाविष्ट करण्यात आल्या. त्यानंतर फलंदाजीच्या आजीवन सरासरीत जॉश गिब्सनचे नाव सर्वांत वर आले.

अर्थात ही दुरुस्तीही अपुरीच आहे. पेजने फेकलेले बहुसंख्य चेंडू लहान गावांच्या मैदानांवर आणि प्रदर्शनीय सामन्यांत फेकले गेले. त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. वर्तमानपत्रांची जुनी पाने चाळून संशोधक त्यांतील काही सामने उजेडात आणीत आहेत. पंचविशीतील पेज मेजर लीगच्या फलंदाजांसमोर काय करू शकला असता, याचे उत्तर मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. वर्णभेदाने एका खेळाडूची हानी केली, त्याबरोबरच त्या खेळाच्या इतिहासातील कधीही भरून न निघणारी पानेही कोरी ठेवली.